अरवाचा काका

कांता तांडेलला त्या माणसाचे हात पहिल्या दिवसापासून खटकले.

माझगावात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन ब्लॉक एकत्र करून एका मदतसंस्थेनं घर चालवलं होतं. लढाईत जखमी झालेली बाहेरदेशची मुलं परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला किंवा कृत्रिम पाय बसवून घ्यायला यायची, ती महिना-दोन महिने, कधी सहा महिनेही इथं राहायची. प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक माणूस. संस्थेचं तिकडेही काम होतं. तंबूत भरणाऱ्या शाळा, पाण्याच्या टाक्या, नवरे गेलेल्या बायकांना एकत्र बसून बोलायला जागा. त्याचे फोटो हॉलमध्ये लावले होते. कांता या घरात स्वयंपाक करायची. त्याआधी तीस वर्षं तिनं भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलून लालबागच्या बाजारात विकली होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा पाटी सोडली आणि हे काम धरलं.

धरलं तेही मनात किंतु ठेवूनच. दुसऱ्यांची पोरं कोण कशाला आणून पोसेल, असं तिनं घराचा कारभार बघणाऱ्या नम्रता सामंतला तोंडावर विचारलं होतं. नम्रता रागावली नाही. एखादं मूल परत गेलं की आठवड्याभरानं कांता विचारायची, पोचलं का, आणि कशावरून? मग नम्रता तिला फोनवर त्या मुलाचा घरच्यांबरोबरचा व्हिडिओ दाखवायची. वर्षभर असे व्हिडिओ पाहून कांताचा संशय जरा निवला होता, गेला नव्हता.

त्याला कारण होतं. कोळीवाड्यात तिच्या शेजारच्या रखमाची धाकटी मुलगी तेरा वर्षांची असताना एका ‘मामा’बरोबर सुरतेला कामाला गेली ती परत आलीच नाही. तो न्यायला आला तेव्हा कांता समोरच दारात कोलीम, बारीक कोळंबी, निवडत बसली होती. पोर त्याच्यापासून चार हात लांब चालतेय हे तिला दिसलं होतं. आपल्याला काय करायचंय, म्हणून ती गप्प बसली. रखमा वारली त्यालाही आता सात वर्षं झाली, पण कांता तिच्या दारावरून अजून मान खाली घालून जायची.

अरवा मार्चमध्ये आली. नऊ वर्षांची, येमेनच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. किनाऱ्यावर तोफगोळा पडला तेव्हा वडील आणि दोन भाऊ जागीच गेले होते. आई त्याआधीच गेलेली. बरोबर तिचा काका होता, सालेम नावाचा, पस्तिशीचा, चष्मा लावणारा. कागदावर लिहिलं होतं, वडिलांचा सख्खा भाऊ, धंदा मासेमारीचा.

मासेमारी ऐकून कांताला आधी बरं वाटलं. मग तिनं त्याच्या हातात चहाचा कप देताना तळवे पाहिले. दोर ओढून ओढून बोटीवरच्या माणसाच्या तळहातावर जे घट्टे पडतात, ते मरेपर्यंत जात नाहीत. तिच्या नवऱ्याचे, महादेवचे, सरणावरही होते. याचे तळवे कारकुनाचे होते.

मग तिचं लक्ष त्याच्यावरच राहू लागलं. तो शर्टाच्या आत प्लास्टिकची एक पिशवी बाळगायचा आणि अंघोळीलाही ती बरोबर न्यायचा. फोन आला की गच्चीवर जायचा. दोघांपैकी कुणाला काही विचारायचं तर अरबी जाणणारे परकारभाई लागत. ते मूळचे रत्नागिरीकडचे, जेद्दाला वीस वर्षं काढलेले, पण मंगळवारी आणि शुक्रवारीच यायचे. ते असले की अरवा सालेमला ‘अम्मी’ म्हणायची. त्याचा अर्थ काका, हे परकारांनीच सांगितलं होतं. ते नसले की मात्र तिच्या तोंडून दुसराच शब्द निघायचा. एकदा खेळता खेळता, एकदा नव्या पायाचा पट्टा टोचला तेव्हा. शब्द कांताला चांगला कळत होता. उस्ताद.

उस्ताद म्हणजे टोळीचा म्होरक्या. पोरांना भीक मागायला बसवतात, संध्याकाळी गोळा करून नेतात, त्याला पोरं उस्तादच म्हणतात. दादरच्या पुलाखाली तिनं अशी पोरं पाहिली होती.

तिनं नम्रताला सांगितलं. नम्रता म्हणाली की कागद तिकडच्या कचेरीतून तपासून आलेत, आणि नुसत्या हातांवरून कुणाला असं म्हणता येत नाही. पण मावशी, तुम्ही नजर ठेवा, मीही ठेवते. परकारांना विचारावं असं कांताच्या मनात आलं, पण तेही दिवसभर सालेमशी हसून बोलत असत. कोण कुणाला सामील आहे, काय सांगावं?

शेवटी तिनं आपल्या पद्धतीनं पाहायचं ठरवलं. धक्क्यावरून एक शिंगाळा मासा मागवला आणि काटा मोडू नका म्हणून बजावलं. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांपाशी करवतीसारखे काटे असतात, विषारी. समुद्रावर वाढलेलं चार वर्षांचं पोरही त्याला तिथं हात लावत नाही. आधी काटा मोडायचा, मग मासा धरायचा. तिला एवढंच बघायचं होतं की सालेम काय करतो.

सकाळची अकराची वेळ. अरवा स्वयंपाकघरात पाटावर बसून कोथिंबीर निवडत होती. सालेम पाणी प्यायला आला तेव्हा कांतानं ओट्यावरच्या परातीकडे बोट दाखवलं, दे म्हणून हात पुढे केला. त्यानं हसून मान हलवली आणि शिंगाळा सरळ पाठीवरून उचलला.

अरवा किंचाळली. काय ओरडली ते कांताला कळलं नाही, पण ते सावध करणं होतं, आणि उशीर झाला होता. काटा अंगठ्याच्या मुळाशी आरपार गेला. सालेम भिंतीला टेकून खाली बसला. पोरगी एका पायावर उड्या मारत त्याच्याकडे गेली आणि त्याचा हात पोटाशी धरून रडू लागली, उस्ताद, उस्ताद करत.

कांतानं काटा काढला, सोसवेल तेवढ्या कढत पाण्यात त्याचा हात बुडवून धरला. विष तसंच उतरतं. आपलं खरं ठरलं याचं तिला समाधान वाटायला हवं होतं. पण रडणारी पोर त्या माणसापासून लांब सरत नव्हती, त्याला बिलगत होती, आणि हे तिच्या हिशेबात कुठंच बसत नव्हतं.

तिनं नम्रताला सगळं सांगितलं, मासा मुद्दाम ठेवला होता हेही. नम्रताचा चेहरा उतरला. असं पुन्हा कराल तर तुम्हाला इथं ठेवता येणार नाही, असं ती म्हणाली. मग तिनं परकारांना बोलावून घेतलं. सालेमला एका माणसाबरोबर डॉक्टरकडे पाठवलं, आणि अरवाला आतल्या खोलीत बसवलं. कांता दाराशी उभी राहिली.

नम्रतानं विचारलं, या माणसाची तुला भीती वाटते का? अरवानं नाही म्हणून मान हलवली. तो तुला मारतो? कुठं हात लावतो? नाही. तो तुझा काका आहे?

अरवा कोपऱ्यात ठेवलेल्या नव्या पायाकडे बघत काहीतरी म्हणाली. परकारांनी ते मराठीत सांगितलं.

“ती विचारतेय, खरं सांगितलं तर पाय परत काढून घेणार का?”

नम्रता खाली, तिच्यासमोर फरशीवर बसली. “पाय तुझा आहे. काहीही सांगितलंस तरी तुझाच राहणार.”

मग अरवानं सांगितलं. खरा काका तोफगोळा पडला त्याच दिवशी किनाऱ्यावर मारला गेला. हा तंबूतल्या शाळेतला उस्ताद. परकारांनी मान वर करून कांताकडे पाहिलं आणि म्हणाले, “उस्ताद म्हणजे मास्तर, कांताबाई. शाळेतले गुरुजी.” विमानतळावर, हॉस्पिटलात, कचेरीत, सगळीकडे तिला अम्मी म्हणायला शिकवलं होतं. आता मला ते पुन्हा म्हणायला लावू नका, मी दमलेय, असं अरवा म्हणाली.

सालेम परत आला तेव्हा त्यानं काही नाकारलं नाही. मुलाबरोबर रक्ताचं माणूसच हवं, असा नियम होता, आणि अरवाचं रक्ताचं कुणी उरलेलं त्याला सापडत नव्हतं. जखम चिघळत होती. त्यानं नात्याचा खोटा दाखला करून घेतला. त्या पिशवीत शाळेची हजेरी होती, सव्वीस मुलांची.

“तोफगोळा पडला त्या दिवशी शाळा मी एक तास लवकर सोडली,” तो म्हणाला. “मासे खूप मिळाले होते. पोरांना किनाऱ्यावर जायचं होतं.”

त्यानं हजेरी पुन्हा पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवली.

नियमाप्रमाणे नम्रताला वर कळवावं लागलं. सालेमची सोय कॉटन ग्रीनला एका वसतिगृहात झाली. रोज चार वाजता तो यायचा, हॉलमध्ये सगळ्यांसमोर तासभर अरवाजवळ बसायचा, आणि जायचा. अरवानं दोष दिला तो कांताला. तिच्या हातचं खायचं तिनं सोडलं. नम्रता वाढील ते खायची, कांतानं ताट ठेवलं की पालथं घालायची. दोन आठवडे उलटले तरी असंच चाललं. पाय बांधून चालण्याचा सरावही तिनं बंद केला.

कांताला वाईट वाटत होतं, तरी मन साफ होत नव्हतं. शिकलेला माणूस खोटंही शिकल्यासारखं बोलतो, असं तिनं नम्रताला सांगितलं. मास्तर आहे हेही त्याचंच म्हणणं. पोरीनं तेच म्हटलं, पण पोरीला आधी एक पढवलं होतं तसं दुसरंही पढवता येतं. नम्रता म्हणाली, “म्हणूनच तिकडची माणसं शोधताहेत.”

सालेम वसतिगृहात गेल्यापासून अठराव्या दिवशी तिकडून फोन आला. संस्थेच्या लोकांनी तीन छावण्या पालथ्या घातल्या होत्या, आणि तिसऱ्या छावणीत अरवाच्या आईची आई सापडली होती. चार वाजता सालेम आल्यावर व्हिडिओ कॉल लागला. काळ्या ओढणीतली एक वाळकी म्हातारी स्क्रीनवर आली. अरवा धावायला गेली आणि पडली, तशीच सरकत टेबलापर्यंत पोचली. म्हातारी रडली नाही. ती म्हणाली, पाय दाखव. पाय पाहिला. मग दुसरा पाहिला. मग दोन्ही हात वर करायला लावले, मागे वळायला लावलं. मास्तरनं पोरगी विकली, असं छावणीत लोक तिला कित्येक महिने सांगत होते.

मग तिनं सालेमला समोर बोलावलं. परकार हळू आवाजात नम्रताला सांगत गेले, आणि कांता मागे उभी राहून ऐकत होती. म्हातारीनं विचारलं, मला शोधलंस का? तो म्हणाला, दोन छावण्यांत शोधलं. तिनं विचारलं, “तिसऱ्या छावणीत का नाही आलास?”

विमानाची तारीख आली होती, एवढंच तो म्हणाला. ते उत्तर पुरं नाही हे त्यालाही कळत होतं. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. कांताला वाटलं, ही बाई आपल्यासारखीच आहे, हिला एवढ्यात पटायचं नाही. आणि पटलंही नाही. तिनं आणखी चार दिवस घेतले, गावच्या लोकांना विचारलं, सालेमच्या आईला बोलावून घेतलं, आणि मग कागदावर अंगठा दिला. त्यावर काका नव्हतं लिहिलेलं. शाळेतले शिक्षक, आजीच्या संमतीनं, असं होतं. खोट्या दाखल्याबद्दल सालेमला दोनदा सरकारी कचेरीत जबाब द्यावा लागला. नम्रता दोन्ही वेळा बरोबर गेली. संस्थेनं आपला नियमही बदलला. नात्याचा कागद असो वा नसो, आल्या आठवड्यात मुलाशी एकट्याशी बोलायचं, असं ठरलं. इतके दिवस अरवाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

सालेम घरात राहायला परत आला त्या दिवशी कांता परकारांना घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. अंगठा अजून पुरता वळत नव्हता.

“मासा मी मुद्दाम ठेवला होता,” ती म्हणाली. “ते चुकलं.”

परकारांनी सांगितलं. सालेमनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, विचारायचं होतं.

“विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?”

त्यानं खरोखर विचार केला. मग म्हणाला, “नाही.”

मग कांता आत जाऊन भात बघू लागली, आणि सालेम अरवाला जिन्यावर चालवायला घेऊन गेला.

ऑगस्टच्या शेवटी ती दोघं परत निघाली. अरवा वाढेल तसा दर वर्षी पाय बदलावा लागणार होता, आणि त्यासाठी तिला जवळच्या देशात न्यायचं संस्थेनं पत्करलं होतं. ती काठीशिवाय जिना उतरली, एकेका पायरीवर थांबत. खाली तिनं नम्रताला मिठी मारली, परकारांना सलाम केला. कांता बॅग घेऊन टॅक्सीपाशी उभी होती. तिनं परकारांना म्हटलं, विचारा तिला, अजून रागावलीय का माझ्यावर.

परकारांनी विचारलं, तिचं उत्तर ऐकलं.

“थोडी,” परकार म्हणाले.

“असू दे,” कांता म्हणाली.

सामानासाठी मोठी टॅक्सी मागवली होती, तिची पायरी उंच होती. चढताना अरवानं इकडेतिकडे पाहिलं, सालेम पलीकडच्या बाजूला सामान लावत होता, तेव्हा तिनं कांताच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यावर सगळा भार देऊन आत चढली.