आठ पाट्या आणि एक गोधडी

दहा वाजून गेले तरी वस्तीचा पंप काही सुरू होईना. नळाखाली घागरींची रांग लागली होती आणि बायकांच्या तोंडाचे पट्टे मात्र बिनविजेचे चालू होते.

"तीन महिने शिकून आली म्हणे," गवंडीण म्हणाली. "पाणी कुठंय?"

रोख वायरवालीवर होता. हे नाव वस्तीनंच तिला ठेवलेलं. वस्ती गावाबाहेरची, दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्यांची. विजेच्या खांबाची वाट बघून दोन पिढ्या गेल्या, तेव्हा कुठं हा उन्हावर चालणारा पंप मिळाला. तो सांभाळायला हिला शिकवून आणलं. आज पंप बसवणारे साहेब बघायला आले होते. पंप नीट चालला की पंपाच्या खोलीची चावी आणि नोकरी तिची. खुरपं एकदाचं सुटणार होतं. तिची कंबर केव्हाच हरली होती.

तिनं वायरी तपासल्या, खटके तपासले. सगळं ठीक. मग ती खोलीमागं, ऊन झेलून वीज करणाऱ्या पाट्यांकडं गेली. कमरेएवढ्या उंचीवरच्या आठ पाट्यांपैकी शेवटच्या पाटीवर ओली गोधडी वाळत घातली होती. सासूची.

म्हातारीला अलीकडे झोपेत आवरत नसे. पहाटे गुपचूप धुऊन ती कुठंतरी वाळत घालायची. त्यांच्या बोळात ऊन येतच नव्हतं. दोघींनी यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. एरवी सासू साऱ्या वस्तीला धारेवर धरायची. तिचा तोरा गेला असता तर ती जगलीच नसती.

वायरवालीनं गोधडी ओढली तोवर साहेब आणि बायका मागं येऊन ठेपल्या.

"एकच तर झाकली होती," गवंडीण म्हणाली. "बाकीच्या सात काय झोपल्या होत्या?"

"आपण रांगेत उभं राहून हातोहात घागर देतो ना? मधली एक बसली तर घागर पुढं जाते का? या आठ तशाच जोडल्यात," वायरवाली म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. "अगदी बरोबर. पण ही गोधडी कुणाची?"

सासू रांगेच्या टोकाला मातीकडं बघत उभी होती.

"माझी," वायरवाली म्हणाली.

"वास बघा की," कुणीतरी म्हणालं. "या वयात?" बायका फिदीफिदी हसल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जिला सगळं कळतं, तीच असं करते?" साहेब म्हणाले. "तुला चावी कशी देऊ?"

चावी गवंडिणीच्या सुनेला मिळाली. तीही शिकायला होती, पण निम्मे दिवस पेंगण्यात गेलेले. पंप धो धो चालला. वायरवालीनं घागर भरली आणि घरी आली.

रात्री सासू एवढंच म्हणाली, "का गं?"

"असू द्या. झोपा आता."

म्हातारी झोपली नाही. उजाडल्यावर ती नळावर गेली, घागर खाली ठेवली आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती गोधडी माझी होती. पाणी मी अडवलं. हसायचं तर मला हसा."

कुणी हसलं नाही. गवंडिणीनं तिची घागर पुढं घेतली आणि भरून दिली. साहेब कालच गेले होते, आणि वायरवाली केव्हाच खुरपं घेऊन कामावर निघून गेली होती.