तापीमाय धोतर नेसते

कानबाई देवीच्या नारळाला नथ अडकवत असतानाच दारात जोडे वाजले आणि थांबले. नवलसिंग पाटील. आत आला नाही, उंबऱ्यापलीकडूनच बोलला.

"तापीमाय, आज लुगडं नको. धोतर नेस."

तापीबाईने मागे वळून पाहिले नाही. जन्मनाव पितांबर. मिसरूड फुटायच्या आधीच तिने लुगडे नेसले, आणि प्रकाशा गावाने चार दिवस कुजबुजून तिला बाई मानून टाकले. श्रावणात विसर्जनाच्या सोमवारी कानबाईचा पाट तापीवर जायचा तो तिच्याच डोक्यावरून. देवीला असेच माणूस लागते, असे जाणते म्हणत.

"तू मन्ही मांडीवर मुतेल शे, नवल. आते माले शिकाडस?"

नवलसिंग हसला नाही. नवा फौजदार घाटावर उभा राहणार होता. बाईच्या वेशात हिंडणारा पुरुष म्हणजे घाण, गोऱ्या साहेबाला ती खपत नाही, असे फौजदाराने चावडीत सुनावले होते. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. तापीबाईची लाज वाटावी, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच सुचले.

"बेड्या पडतीन. एक दिवसना सवाल शे, माय."

एक दिवस.

धोतर नवलसिंगचेच होते. माजघरात त्याच्या आईने, जमनाबाईने, ते पुढे केले आणि पाठ फिरवली. बांगड्या निघेनात. तेल लावून काढाव्या लागल्या.

ती अंगणात आली. बायांचे गाणे चालू होते, ते मध्येच तुटले.

या बायांच्या बाळंतपणात ती उशाशी बसली होती. नवऱ्याला सांगायचे नाही ते त्यांनी हिला सांगितले होते. ती पाटाकडे वाकली, तसा एकेकीने पदर कपाळावरून खाली ओढला. परपुरुषासमोर ओढतात, तसा. जमनाबाईनेही ओढला, आणि पदराआडून सुनेला म्हणाली,

"भाऊले सांग, पाटले हात नको लावू."

सुनेला सांगावे लागले नाही. तापीबाई मागे सरली आणि सुनेनेच पाट उचलला. बाया पुढे निघाल्या. तापीबाई बरेच अंतर ठेवून मागून चालत राहिली, धोतराचा सोगा मुठीत धरून.

घाटावर फौजदार नव्हता. पहाटेच तो शहाद्याला निघून गेला होता. रिकामा घाट सगळ्यांनी पाहिला.

पदर कुणाचाच वर सरला नाही.