साधा काळा कोट

"ए नवी, हे कप मीटिंगच्या खोलीत मांड. आणि सांडू नकोस हं," स्टोअरच्या बाईंनी ट्रे हातात दिला, आणि तपासनीस बाईंनी तो निमूटपणे घेतला.

पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं? कारखान्याचा नवा बॉयलर पेटवायचा की नाही, हे ठरवायला त्या परदेशातून आल्या होत्या. साहेब बाहेर गेलेले. सकाळपासून बाईंनी झेरॉक्स काढल्या, टेबलं पुसली आणि मधल्या वेळात बॉयलरही तपासून घेतला. इथे पाहुण्यालाही कामाला लावत असतील, अशी त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली होती.

कप मांडायला एक पोरगेलीशी मुलगी मदतीला आली. तिच्याही अंगात पांढरा शर्ट आणि साधा काळा कोट.

"तुम्हीपण आजच लागलात ना? जरा उशिराच नोकरी धरलीत."

"आजच लागले असं कोण म्हणालं?"

"कोटावरून कळतं की. असला कोट इथे पहिल्या वर्षीच घालतात. मोठ्या मॅडम फिकट रंगाचे घालतात."

बाईंनी आपल्या कोटाकडे पाहिलं. त्यांच्या देशात या काळ्या कोटापुढे भलेभले फोरमन चळाचळा कापत. रंगीत कोटातल्या बाईचं तिथे कुणी ऐकूनसुद्धा घेत नसे. म्हणून तर हा खास शिवून घेतला होता.

तेवढ्यात साहेब माणसं घेऊन आत आले. "आपल्या तपासनीस बाई कुठे आहेत?"

"मीच," बाई म्हणाल्या. ट्रे अजून हातातच होता.

"अगंबाई, मॅडम तुम्ही! मला वाटलं..." स्टोअरच्या बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मग सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, तरी बाईंना ते फार लागलं.

त्या खुर्चीत बसल्या. "खालचा जोड कच्चा आहे. तो कापून नव्याने केल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही. फुटला तर माणसं जातील."

एकेकाने साहेबांबरोबर आलेल्या म्हाताऱ्या फोरमनकडे पाहिलं. तो गालातल्या गालात हसला. "बघू की. आधी चहा तर घ्या, मॅडम."

आपली पाठ वळली की हा माणूस बॉयलर पेटवणार, हे बाईंना कळून चुकलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. फोरमन साखर ढवळत राहिला.

फक्त दाराशी उभ्या असलेल्या त्या नव्या मुलीने पेन उघडलं. "मॅडम, कुठला जोड म्हणालात?"

बाईंनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.