तांब्याचा वायसर

रामनाथनं डिझेल फवारणारं नोझल काढलेल्या भोकावर चिंधी धरली आणि इंजिनाचं जड चाक तळव्यानं अगदी हळू फिरवलं. आत कुणी गुळण्या कराव्यात तसा आवाज झाला. मग खाऱ्या पाण्याची पिचकारी चिंधी उडवून थेट कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या धोंडूबाबाच्या छातीवर बसली.

"आनि हँडल मारलं असतं तर?" धोंडूबाबानं छाती पुसत विचारलं.

"हवा दाबली जाते, बाबा. पानी दाबलं जात नाय. आतला दांडा वाकला असता."

"आमचं शीड भिजलं तर झटकायचं नि चढवायचं. हा तुझा लोखंडी पावना भिजला तर घासलेट मागतो."

कुणी हसलं नाही. बोलून झाल्यावर म्हाताऱ्यानं पुन्हा पश्चिमेकडे पाहिलं. मनोरीच्या खाडीचं पाणी अजून शांत होतं, पण खाडीच्या तोंडाशी लाटा फुटून पांढऱ्या होत होत्या आणि त्यांच्यामागे आकाश खालपर्यंत उतरलं होतं.

होडीच्या बाहेर, मांडीभर पाण्यात, सगुणा उभी होती. बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नाही, म्हणून ती काठावरून वाकून नवऱ्याच्या हातात चिंध्या देत होती, काळ्या झालेल्या परत घेत होती. तिची धाकटी जाऊ कमळ सकाळपासून विहिरीवरून गोडं पाणी आणत होती. काठाशी यायची, तांब्याची कळशी उचलून इंजिनावर रिकामी करायची आणि वळायची. ती रडली नव्हती. कुणाशी बोललीही नव्हती.

कमळचा नवरा बाळा, रामनाथचा धाकटा भाऊ, शिडाची होडी घेऊन परवा गेला होता. काल संध्याकाळी वारा फिरला तशा बाकीच्या होड्या परतल्या. शेवटच्या होडीतल्यांनी बाळाची डोलकाठी मोडताना पाहिली होती. पुढे पावसाचा पडदा आला आणि त्यांना काही दिसलं नाही. शीड नसलेली होडी वारा नेईल तिकडे जाते, आणि या उलट्या वाऱ्यात दुसरी शिडाची होडी तिच्यामागे जाऊ शकत नाही. इंजिनाची होडी सगळ्या कोळीवाड्यात एकच होती, रामनाथची. आणि नेमकी तीच काल पाण्याखाली गेली.

चूक जुन्या सवयीची होती. तळाला चिकटलेली कालवं खरवडायची तर ओहोटीला होडी चिखलात कलती करून ठेवायची, हे रामनाथचा बाप करायचा, त्याचाही बाप करायचा. भरती आली की होडी आपोआप उठते. पण त्यांच्या होड्यांच्या पोटात लोखंड नव्हतं. ही होडी इंजिनाच्या भारानं उठलीच नाही. पाणी खालच्या काठावरून आत शिरलं आणि इंजिनाच्या डोक्यावर चढलं.

बाहेर काढल्यावर धोंडूबाबा म्हणाला होता, इंजिन उन्हात वाळव. रामनाथनं नकारार्थी मान हलवली होती. इंजिनाच्या सरकारी वर्गात शिकवलेलं त्याला आठवत होतं. खारं लोखंड वाऱ्यावर वाळलं की गंज धरतं. म्हणून आधी गोडं पाणी, मग घासलेट, मग तेल. खाडीपलीकडे मार्व्याला माणसं नेणारी होडी सकाळपासून बंद होती, त्यामुळे अंधेरीहून मिस्त्री आणायचा प्रश्नच नव्हता. जे आठवत होतं तेवढ्यावरच काम चाललं होतं.

"सगुणा, हा घे." रामनाथनं काठावरून एक छोटं तांब्याचं कडं तिच्या हातात ठेवलं. बोटात घालायच्या अंगठीएवढं, चपटं. "नोझलखालचा वायसर. चुलीत लाल कर, पान्यात टाक. मऊ पडला पायजे. नाय तर इंजिनाचा सगळा दम तिथनं निघून जाईल."

"आनि हा नसला तर?"

"तर चालू व्हयाचं नाय."

सगुणा घरी गेली. निखाऱ्यांत कडं लाल होईपर्यंत ती चुलीसमोर बसून राहिली. तिचा बाप असाच वाऱ्यात कुणाला तरी आणायला गेला होता. ज्याला आणायला गेला, तो दुसऱ्या दिवशी किनाऱ्या-किनाऱ्यानं चालत घरी आला. बाप आला नाही. तो माणूस पुढे वर्षानुवर्षं समोरून जाताना मान खाली घालायचा, आणि तिची आई त्याला म्हणायची, जेवून जा.

तिनं चिमट्यानं कडं पाण्यात टाकलं. चुर्र झालं.

ती परतली तेव्हा रामनाथ डिझेलच्या पंपात तोंड खुपसून बसला होता. "ठेव डब्यात," तो मान वर न करता म्हणाला. साफ केलेले लहान भाग काठावर घासलेटच्या डब्यात पडले होते. सगुणानं डावा हात डब्यात घातला. कमळ तिच्या शेजारी कळशी रिकामी करत होती.

हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती.

कळशीची धार क्षणभर थांबली, मग पुन्हा लागली.

तेल भरून झालं. टाकीतलं पाणी काढून नवं डिझेल ओतलं गेलं. रामनाथनं पंपाला हात मारला, नळीतून आधी बुडबुडे आले, मग नितळ धार. त्यानं नोझल उचललं आणि डब्यात बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"सगुणा, वायसर?"

"ठेवला ना."

त्यानं घासलेट दुसऱ्या भांड्यात ओतलं, डबा उपडा केला, हलवला. चिंध्या झटकल्या. धोंडूबाबानं गुडघ्यांवर बसून होडीचा तळ चाचपला.

"अरे, अंगठीएवढा तुकडा नि त्याच्यासाठी एवढं मोठं धूड अडतं? याच्यापरीस म्हातारी बाई बरी, दात पडले तरी चावते."

"बाबा, गप बसा."

रामनाथनं डबा परत उपडा केला. त्याच डब्यात तो पुन्हा पुन्हा बघत होता. आपल्या हातानं रिकाम्या केलेल्या डब्यात माणूस इतक्या वेळा बघत नाही. सगुणाला त्याची बोटं दिसली. सकाळपासून ती थरथरत होती, आणि आता थांबली होती. खांदेही खाली आले होते. तो काठावर टेकून बसला आणि समोरच्या पांढऱ्या पाण्याकडे न बघता आपल्या पायांकडे बघत राहिला.

म्हणजे यालाही जायचं नाही, सगुणाच्या मनात आलं. मुठीतलं कडं तिनं आणखी घट्ट दाबलं. आता नुसतं उभं राहायचं होतं, एवढंच. भरती ओसरली की खाडीच्या तोंडावरचा गाळ वर येणार होता, आणि मग इंजिन असून नसून सारखंच.

"भरतीचं पानी उतरायला लागलं," धोंडूबाबा हळूच म्हणाला.

कमळनं कळशी उपडी करून शेवटचा थेंब झटकला आणि ती रामनाथसमोर काठावर ठेवली. माहेराहून आलेली कळशी होती. गळ्याजवळ तिच्या बापानं तिचं नाव टोचून घेतलं होतं.

"दादा, हे पन तांबंच हाय."

रामनाथनं वर पाहिलं.

"इथनं कापा." तिनं कळशीच्या पोटावर अंगठा ठेवला. "नाव सोडून. नाय तर नावावरनंच कापा, काय फरक पडतो?"

"पत्रा पातळ हाय, कमळ."

"दोन पदर घ्या. तीन घ्या."

धोंडूबाबानं छिन्नी पुढे केली. रामनाथनं ती घेतली नाही. छिन्नी म्हाताऱ्याच्या हातात तशीच राहिली. वाऱ्यानं कळशीच्या तोंडातून एक लांब, पोकळ आवाज काढला आणि बाकी तिघांनीही तिकडे बघायचं टाळलं. कमळचा अंगठा मात्र जागेवरून हलला नाही. तिचं नख पांढरं पडलं होतं.

सगुणानं रिकाम्या डब्यात हात घातला.

"हा बगा," ती म्हणाली. "तळाला चिकटलेला."

रामनाथनं कडं घेतलं. ते कोरडं होतं, आणि ऊबदार. त्यानं कड्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. तो वाकला, नोझलखाली वायसर बसवला आणि पाना आवळायला लागला. त्याची बोटं पुन्हा थरथरत होती.

धोंडूबाबानं हँडल धरलं. पहिल्या वेळी इंजिनानं नुसता पांढरा धूर टाकला. दुसऱ्या वेळी खोकलं आणि मेलं. म्हाताऱ्यानं त्याला आईवरून शिवी दिली, मग त्याच हातानं त्याच्या पाया पडला. रामनाथनं आणखी जरा तेल सोडलं. पुन्हा हँडल फिरलं, चाक आपल्याच वेगानं उडालं आणि होडीची फळी न् फळी थडथडू लागली. पाण्यातून तो थडथडाट सगुणाच्या मांड्यांपर्यंत पोचला. तिनं होडीच्या काठाला धरलं होतं. तिला हात सोडता येईना.

"सोड," रामनाथ म्हणाला.

"बाबांना कशाला नेताव? म्हातारं मानूस."

"मला कोन नेतो?" धोंडूबाबा ओरडला. "मीच नेतोय याला! याला खाडीच्या तोंडातनं होडी कुठनं काढायची ठावं हाय का? वर्गात शिकवलं नसंल ते."

"सोड, सगुणा."

तिनं सोडला.

होडी वळली. मागे चिखलाच्या पाण्याचा पट्टा उमटला आणि मिटला. खाडीच्या तोंडाशी तिचं नाक वर उचललं गेलं, इतकं की आतली दोन्ही माणसं दिसेनाशी झाली. मग ती खाली गेली. परत वर आली तेव्हा पलीकडे होती, लहान झालेली. पावसाचा पडदा जवळ येत होता. होडी त्यात शिरली आणि मागे फक्त थडथडाट उरला, कधी स्पष्ट, कधी वाऱ्याबरोबर तुटलेला.

दोघी जावा किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं कमळ विहिरीवर गेली, का गेली ते सगुणानं विचारलं नाही. परतली तेव्हा कमरेवर भरलेली कळशी होती. तिनं ती गुडघ्यावर टेकवली आणि कलती केली.

"वयनी, हात धू."

सगुणानं दोन्ही हात पुढे केले. दोन्ही कोपरापर्यंत काळे होते. उजव्या हाताकडे कमळनं बघितलंही नाही.

"डावा दे."

सगुणानं मूठ उघडली. तळव्याच्या मधोमध एक गोल वळ होता, कडेला किंचित निळसर. कमळनं त्यावर पाण्याची बारीक धार धरली. घासलेट गेलं, काळं गेलं. वळ तसाच राहिला. कमळनं अंगठ्यानं तो एकदा चोळला, जोर न लावता, आणि सगुणाची बोटं एकेक करून परत मिटवली. मग ती मूठ तिनं आपल्या दोन्ही हातांत धरली.

समुद्रावरून आवाज येत होता की नव्हता, दोघींनाही नक्की सांगता आलं नसतं. दोघींनी श्वास रोखून धरला होता.