बाबांचा लांबचा रस्ता

रुग्णालयातून परतताना सासरे गाडीच्या मागच्या सीटवर पाठीवर पडून होते. घरी पलंगावर टेकल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "उद्यापासून मी येणार नाही."

सुनेने त्यांच्या कमरेखाली उशी सरकवली. मणक्याला किरणांचे उपचार दहा दिवस द्यायचे होते, त्यातले दोनच झाले होते. उरलेले घेतले तर पाय वाचतील, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही घेतले तर काय, तेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. पण येताना तिने मोजले होते: एकतीस गतिरोधक. प्रत्येकावर मागच्या सीटवरून एक बारीक आवाज यायचा. तो दाबायला बाबांनी टॉवेलचं टोक दातांत धरलं होतं.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. मोजणं हाडीमासी खिळलेलं. नवरा जहाजावर. गाडी ती वर्षभरापूर्वीच शिकली होती, आणि मोबाइलमधली रस्ता सांगणारी बाई दाखवेल तेवढंच शहर तिला माहीत होतं.

"बाबा, त्या बाईला हाच रस्ता जवळचा वाटतो. दुसरा आहे का?"

"आहे म्हणजे? सव्वीस वर्षं बस चालवली मी त्या रस्त्याने. कालव्याच्या कडेने. लांब पडतो, पण पोटातलं पाणी हलत नाही."

"मग जाताना सांगायचंत ना!"

"काय सांगू? पाठीवर पडून मला दिसतात विजेच्या तारा नि झाडांचे शेंडे. डावं-उजवं त्यांच्यावरून सांगू?"

ती मोबाइल घेऊन उशाशी बसली. निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण यांच्यामध्ये थांबे घातले, की बाईला तिथूनच जावं लागतं. बाबांनी डोळे मिटून बसचे सात थांबे सांगितले, खुणांसकट. टाकीचा, वडाच्या सावलीतला. गिरणीचा, पत्र्याची शेड आणि दोन बाकं असलेला. तिने एकेक शोधून नकाशावर लावला.

सकाळी ती एकटीच तो रस्ता पाहून आली. चेहरा उतरलेला.

"गिरणीपाशी बाई म्हणते, मागे वळा. वळले, तर थोडं पुढे गेल्यावर परत मागे वळा. तीन घिरट्या घातल्या, बाबा. गिरणीचा रखवालदार हसायला लागला."

"दाखव."

तिने मोबाइल त्यांच्या तोंडावर धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे सगळे पलीकडच्या बाजूचे थांबे आहेत. गिरणीपासून पुढे मध्ये दुभाजक आहे."

"तुम्हीच म्हणालात, शेड, दोन बाकं..."

"हो. मला आठवली ती परतीची बाजू. दिवसाची शेवटची फेरी असायची. घर जवळ आलं, की..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, "माझी चूक. तुझ्या बाईची नाही."

सून नकाशाकडे पाहत राहिली. "बाबा, पण खूण थांब्यावरच कशाला हवी? जिथे कोणीच थांबत नाही, तिथे लावू. दोन थांब्यांच्या मध्ये, आपल्या बाजूला, भर रस्त्यात."

"थांबा म्हणायचं आणि थांबायचं नाही? आमच्या डेपोत असल्या ड्रायव्हरला घरी बसवलं असतं." ते हसले, आणि लगेच कमरेवर हात गेला.

सातांची गरजच नव्हती. बाई ज्या तीन ठिकाणी जवळच्या रस्त्याला वळू पाहायची, तिथेच तीन खुणा पुरेशा होत्या. नकाशा बोटांनी मोठा करून तिने त्या आपल्या बाजूच्या लेनच्या बरोबर मधोमध ठेवल्या.

"फक्त आजचा दिवस येतो," बाबा म्हणाले. "कळ आली तर तिथूनच गाडी फिरवायची. कबूल?"

तिला कबूल करायचं नव्हतं. "कबूल," ती म्हणाली.

दुपारी निघाले. कालव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तिचे कान मागेच होते. बाई म्हणाली, तुमचा थांबा आला आहे. तिने ब्रेकला पाय लावला नाही. मागून काही आवाज नाही. मग बाबांचा आवाज, हळूच, बाईच्याही आधी, "आता उतार. डावीकडे ठेव." तिने डावीकडे ठेवली. गाडी उताराला लागल्याचं तिला वेगाच्या काट्यावरून कळलं, त्यांना पाठीवरून.

सव्वीस मिनिटांच्या जागी एक्केचाळीस लागली. रुग्णालयाच्या दारात तिने इंजिन बंद केलं, पण मागे वळून पाहायचा धीर होईना.

"सूनबाई."

"काय, बाबा?"

"उद्या दहा मिनिटं आधी निघू. गिरणीची पाळी सुटली, की तो रस्ता भरतो."

"बरं," ती म्हणाली, आणि स्ट्रेचरवाल्याला हात केला.