मला शेवट समजलेली माणसं

मी शाल बोलतेय. पांघरून निजायची नव्हे, सत्काराची. माझी एखादी बहीण तुमच्याही कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेली असेल, आणि पिशवी न फोडताच तिला पुढच्या कार्यक्रमाला खपवायचा तुमचा बेतही पक्का असेल. लाजू नका. आमचं नशीबच तसं.

माझा जन्म पानिपतच्या एका मागावर झाला. रंग लाल, काठाला सोनेरी म्हणून खपणारी पिवळी जर. नांदेडच्या एका कॉलेजातले शिवशंकर सर मला घेऊन आले. सर शिकवायचे मराठी, पण त्यांचा खरा विषय सूत्रसंचालन. माईक हातात आला की त्यांच्या तोंडावर नवरदेवाची कळा यायची. सत्कार झाला, फोटो निघाला, की पाहुण्यांच्या खुर्चीवरून ते मला हळूच उचलायचे आणि पुन्हा घडी घालायचे. मोठ्या माणसांना शाल विसरायची सवयच असते. किती खांदे पाहिले मी! पण फोटो निघेपर्यंत जेवढी ऊब देता येते, तेवढीच दिली.

त्यातला सगळ्यात ओळखीचा खांदा शेषेरावांचा. शेषेराव म्हणजे संस्थेचे उपाध्यक्ष आणि दुसरं कुणी मोकळं नसलं की हमखास मिळणारे प्रमुख पाहुणे.

गेल्या वर्षी कॉलेजच्या पोरांनी स्पर्धेसाठी एक रॉक संगीतिका बसवली. नाव ‘पूर्ण नाव’. ड्रम, दोन गिटारी, आणि कान किटवणारा एक स्पीकर. दिग्दर्शक सुदर्शन. गाणी समीक्षानं लिहिलेली, मुख्य भूमिकाही तिचीच.

गोष्ट साधी होती. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलीला शहरात जो तो पूर्ण नाव विचारतो. भाड्याची खोली बघायला गेली की पूर्ण नाव, मैत्रिणीच्या घरी पाणी प्यायला गेली की पूर्ण नाव. नाव कुणालाच नको असतं, आडनाव हवं असतं. आणि ते कशासाठी, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मुलगी दर दाराला वेगळं आडनाव सांगते आणि त्या आडनावाचं गाणं गाते. शेवटी सगळी वाद्यं थांबतात. ती मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत गप्प उभी राहते. मग वाद्यांशिवाय, एकटी, स्वतःच्या खऱ्या नावाचं गाणं गाते: मी समीक्षा सरजाबाई सोनकांबळे.

समीक्षानं स्वतःही नांदेडात खोली मिळवताना आडनाव गिळलं होतं. सरजाबाई तिची आई. रेणापूरजवळच्या गावात दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी. अंतिम फेरी लातूरला होती. “तिथवर पोचलो की मायला आणणार,” समीक्षा तालमीत म्हणायची. “तिचं नाव तिला स्टेजवरून ऐकवणार.” मी सरांच्या कपाटातून ऐकत असायचे.

नांदेडला पहिल्या फेरीच्या प्रयोगाला पाहुणे शेषेरावच. त्यांना लगेच नायगावला लग्नाला जायचं होतं, म्हणून सर मला हातावर घेऊन विंगेत तयार उभे होते. वाद्यं थांबली. समीक्षा गप्प उभी राहिली. चार-पाच आकडेही झाले नसतील. पण स्टेजवर शांतता दिसली की ती भरून काढायची, ही सरांची जन्माची खोड. त्यांनी माईक ओढला: “आणि आता मान्यवरांच्या शुभहस्ते या गुणी कन्येचा सत्कार!”

शेषेराव चढले. मला तिच्या खांद्यांवर टाकलं, फोटोवाल्याकडं तोंड केलं, आणि पडदेवाल्यानं पडदा पाडला. गाणं गळ्यातच राहिलं होतं. बाहेर टाळ्या थांबेनात.

मग परीक्षक आत आले. पहिले म्हणाले, “शाल म्हणजे व्यवस्था. ती माणसाला गौरवते आणि गप्प करते. काय शेवट केलात!” दुसरे म्हणाले, “माझ्या मते ती मेली. शाल हे कफन आहे.” तिसऱ्या बाईंच्या मते तिचं लग्न लावून दिलं होतं. माझ्या कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, आणि एका दुपारीत मी व्यवस्था, कफन आणि शालू होऊन बसले.

सुदर्शननं परीक्षकांपुढं मान डोलावली. “हाव सर,” तो म्हणाला, “तेच म्हणायचं होतं आम्हाला.”

पहिलं बक्षीस मिळालं. शेवट आपल्याला सुचला, असं शिवशंकर सर स्टाफरूममध्ये सांगू लागले. शेषेराव तर रोज तालमीला हजर. “सुदर्शन, डावीकून येऊ का उजवीकून? अन् मला एखादं वाक्य असंल तर बघ की.”

समीक्षानं विचारलं, “अन् माझं गाणं?”

“तू गाणं म्हणलीस तर समदं उघडंच पडतंय,” सुदर्शन म्हणाला. “लोकायला विचार करू दे.”

“मला त्यायनी ऐकायला पायजे.”

“तुला बक्षीस पायजे का नाव पायजे?”

तिनं वहीतलं गाण्याचं पान दुमडलं. मला फार वाईट वाटलं. तिचं तोंड बंद केलं होतं ते माझ्याच पदरानं, आणि बक्षीसही माझ्याचमुळं मिळालं होतं.

लातूरच्या प्रयोगाला सरजाबाई आली. तिसऱ्या रांगेत, खुर्चीच्या अगदी काठावर बसली. आपलं नाव येणार एवढंच तिला ठाऊक होतं. गाणं काढून टाकलंय हे लेकीच्यानं सांगवलं नव्हतं.

वाद्यं थांबली. शेषेराव, ताजा कलप लावून, डावीकडून आले. त्यांनी मला तिच्या खांद्यांवर टाकलं. पडदेवाल्यानं दोरीला हात घातला. तेवढ्यात समीक्षानं मला उतरवलं, नीट घडी घातली आणि शेषेरावांच्या दोन्ही हातांवर ठेवली.

“साहेब, जरा धरा,” ती म्हणाली. “माझं संपलं न्हाई अजून.”

आणि ती गायली. अख्खं गाणं. शेषेराव खुंटीसारखे उभे. जावं की राहावं कळेना. ‘सरजाबाई’ आलं तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या बाईनं पदर तोंडावर धरला. शालीला रडू येतं का, मला माहीत नाही. ओली मात्र झाले होते. त्यातला बराचसा शेषेरावांचा घाम असावा.

बक्षीस मिळालं नाही. “शेवट फार उघड झाला, विचाराला जागाच उरली नाही,” असं परीक्षक म्हणाले. सुदर्शननं बोलणं टाकलं. शिवशंकर सरांना माझीच काळजी. “शाल आण इकडं, रविवारी लागते.”

“रविवारी दुसरी आणा, सर,” म्हणत समीक्षानं मला आईच्या अंगावर घातलं. सरजाबाईनं मला असं घट्ट लपेटलं, की माझा प्लॅस्टिकचा वास पहिल्यांदा गेला.

आता मी रेणापूरकडं असते. पहाटेच्या गारठ्यात सरजाबाई मला डोक्याला गुंडाळून हरभरा काढायला जाते. काठाची जर काट्याला लागून निघाली. कुणी फोटो काढत नाही. खरं सांगते, सुखात आहे. तुमच्या कपाटातल्या माझ्या बहिणींनाही कधीतरी एखाद्या गारठलेल्या माणसाला देऊन टाका, एवढंच मागणं.

परवा मल्लिनाथ नावाचे एक गृहस्थ बांधावर आले. लातूरचा प्रयोग त्यांनी पाहिला होता, आणि नाटकांच्या शेवटांवर ते प्रबंध लिहितायत. “शाल परत देण्यात नकार आहे की स्वीकार?” त्यांनी सरजाबाईला विचारलं. “तुम्ही काय अर्थ लावला?”

“अर्थ काय लावायचा, बाबा? पोरीचं गाणं ऱ्हायलं होतं. ते तिनं म्हणलं.”

त्यांनी बराच विचार केला आणि वहीत लिहिलं: ‘ग्रामीण प्रेक्षकापर्यंत शेवट पोचला नाही.’ मग पेन तसंच धरून म्हणाले, “बाई, पूर्ण नाव?”

सरजाबाईनं विळा खाली ठेवला, मला कानांवरून मागं सारलं, आणि पलीकडच्या रानात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “सरजाबाई उमाबाई सोनकांबळे.”

“उमाबाई कोण?”

“माझी माय,” ती म्हणाली. “लिवा.”