नायक निघून जातो तो दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. हळूच बोलतोय, कारण आयुष्यभर लोकांनी मला मोठ्यानंच बोलायला लावलं.

सुतारानं मला चौकटीसकट तयार केलं आणि विचारलं, "बसवायचा कुठे?" उत्तर मिळालं, "कुठेच नाही. नुसता वाजवायचा आहे." बिचारा डोकं खाजवत निघून गेला. रेडिओच्या स्टुडिओत, भिंतीला पाठ लावून मी उभा राहिलो. कडी, साखळी, घंटी, सगळा थाट होता. पलीकडे खोली तेवढी नव्हती.

माझा धनी म्हणजे रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवणारा माणूस. पावलं, कपबशा, घोड्यांच्या टापा, सगळं तोच वाजवायचा. म्हणून त्याचं नाव पडलं खडखड्या. नाटकं बहुतेक प्रेमाची. नायक रुसून मला धाडकन आपटणार, नायिका हुंदके देणार आणि अकराव्या सेकंदाला "थांबा ना!" म्हणत धावत येणार. अकरा सेकंद मी स्वतः मोजलेत. खडखड्या असा काही आपटायचा की घरोघरी ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

पुढे खडखड्याचं लग्न झालं. बायको शिवणकाम करणारी, बोलायला सरळ. दोन महिन्यांत एका ओल्या टॉवेलवरून दोघांचं वाजलं. स्वारी तडक उठली, घराचं दार अगदी स्टुडिओतल्यासारखं आपटलं आणि जिन्यात उभी राहून मोजायला लागली. अकरा झाले, साठ झाले, शंभर झाले. कोणी आलं नाही. मग अपमान झाला म्हणून संध्याकाळपर्यंत रस्ते तुडवले. घरी परतल्यावर अबोला. दुसऱ्या दिवशी मला तेल घालताना तो हे सगळं पुटपुटत होता.

दुपारी बायको डबा घेऊन स्टुडिओतच आली. म्हणाली, "तो तुमचा दरवाजा कुठाय?" तिनं मला उघडून पाहिलं.

"अहो, याच्यामागे तर भिंतच आहे!"

"नाटकात तेवढं पुरतं."

"पुरणारच. इथला नवरा जाऊन जाऊन जाणार कुठे? तुम्ही काल खरंच गेलात. मला वाटलं, आता येत नाही हा माणूस. तीन तास मशीनवर बसले होते. बाही उलटी शिवली मी."

"मग मागे धावत का आली नाहीस?"

"गॅसवर दूध होतं! तुमच्या नायिकांच्या घरी दूध कोण बघतं?"

खडखड्याला आधी हसू फुटलं, मग त्याचे डोळे भरले. "चुकलं माझं," तो म्हणाला. इतकं साधं वाक्य मी कुठल्याच नाटकात ऐकलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. आपटायचा धडा त्यानं माझ्यावरच तर गिरवला होता.

म्हणून प्रेमकथा वाईट, असं मी म्हणणार नाही. मशीन चालवता चालवता ती प्रत्येक नाटक ऐकायची, मनसोक्त रडायची आणि ते संपलं की नाक पुसून पुढचा टाका घालायची. ऐकावं नाटकाचं, करावं मनाचं.

आता आवाज संगणकातून येतात. मला मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा खडखड्याच्या घराचं दार वाळवीनं पोखरलं होतं. त्यानं मला घरी नेऊन बसवलं. दोघांचे केस पिकलेत. रोज भांडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात, पण मी सुखात आहे. लेखकमंडळींना एवढीच विनंती: नायकाला खुशाल रुसून बाहेर घालवा, फक्त आत राहिलेल्या माणसाचा घोर विसरू नका.

आज सकाळी पुन्हा वाजलं. चष्मा कुणी हलवला, यावरून. "चाललो मी!" म्हणत खडखड्या उठला आणि त्यानं माझी कडी काढली. जुन्या सवयीनं मी अंग चोरलं. तो उंबऱ्यात थांबला, घसा खाकरला आणि फणकाऱ्यानं विचारलं, "येताना काय आणू?"

"पाव आणा," आतून तितक्याच फणकाऱ्यानं उत्तर आलं. "आणि दार नुसतं लोटून जा."